पीटर-जॉर्जची हाक

सेलूच्या स्टेशनाकडून धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंजाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढची एक खोली; मागच्या दोन खोल्यांत तो आणि बायनाबाई राहत. मोटारींच्या आणि रेडिओच्या बॅटऱ्या तेलाच्या इंजिनावर चार्ज करून द्यायच्या, बिघडलेले रेडिओ उघडून दुरुस्त करायचे, हा धंदा. गावात रेडिओ होते सात-आठ, त्यामुळे दुरुस्तीचं काम महिन्यातून एकदा-दोनदा. बॅटऱ्यांवर घर चालायचं.

मुंजाजी हटकराच्या घरातला. बापजादे मेंढरांमागे हिंडले आणि मोठा भाऊ धोंडीबा अजूनही जिंतूरकडच्या डोंगरात मेंढरं घेऊन असायचा. मुंजाजी मात्र एकोणिसाव्या वर्षी औरंगाबादच्या छावणीत जाऊन लढाईसाठी भरती झाला. त्याचा कान तिखट आहे हे कुणा साहेबाच्या लक्षात आलं आणि त्याला बिनतारी खात्यात टाकलं. पुढची तीन वर्षं त्यानं आसामातल्या एका कच्च्या धावपट्टीवर काढली. ढगात अडकलेल्या वैमानिकाशी बोलायचं, त्याला तो कुठे आहे ते सांगायचं, वाऱ्याची दिशा सांगायची, डोंगर कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं धड, पण विमानाशी बोलायचं इंग्रजी तोंडपाठ होतं. त्या कामाचे नियम कडक होते. आधी ज्याला हाक मारायची त्याची खूण, मग आपली खूण, मग निरोप, शेवटी 'ओव्हर'. एक शब्द जास्त नाही. आणि एखाद्या विमानाच्या हाकेला त्याच्या नेमल्या स्टेशनानं उत्तर दिलं नाही, तर ज्याला ती ऐकू आली त्यानं द्यायचं. हा नियम त्याला सगळ्यांत आधी शिकवला होता.

लढाई संपली, तो घरी आला. मग रझाकारांचे दिवस आले, तेव्हा तो निजामाच्या सरहद्दीपलीकडे, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या एका छावणीत जाऊन राहिला. तिथं लढाईतून विकायला निघालेला एक लष्करी सेट होता, ऐकायचा आणि बोलायचाही. तो मुंजाजी चालवायचा. पोलीस ॲक्शन झाली, छावणी उठली, सेट त्याच्याकडे राहिला. थोड्याच दिवसांनी हुकूम निघाला की हत्यारं आणि बिनतारी यंत्रं ठाण्यात जमा करा. त्याच छावणीतला चंद्रभान, तोही सेट चालवायला शिकलेला, आपल्याकडचा मोडका सेट घेऊन इमानानं जमा करायला गेला. हा कम्युनिस्टांना निरोप देतो, असं कुणीतरी पोलिसांच्या कानात सांगितलेलं, त्यांनी त्याला तिथंच धरलं. सात महिने तो आत होता. बाहेर आला तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

चंद्रभानला उचललं त्या रात्रीच मुंजाजीनं आपला सेट गोणपाटात बांधला, कणगीच्या तळाशी ठेवला आणि वर चार पोती जवारी ओतली. तीन वर्षं तो तिथंच होता. हे बायनाबाईला ठाऊक होतं, आणखी कुणालाही नाही.

सप्टेंबर १९५१ मधली गोष्ट. पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. तीन दिवस आभाळ उघडलं नव्हतं. ढग इतके खाली आले होते की जिनिंगच्या धुराड्याचं टोक दिसत नव्हतं. दुपारी मुंजाजीनं इंजिन बंद केलं आणि एका वकिलाचा दुरुस्त केलेला रेडिओ तपासायला घेतला. लहान लहरींच्या पट्टीवर तो काटा हळूहळू फिरवत होता. विजांची खरखर, दूरची गाणी, पुन्हा खरखर. आणि मग अगदी कानाशी बोलावं तसा एक माणसाचा आवाज आला. इंग्रजीत.

"…पीटर-जॉर्ज बोलतोय. ऐकू येतंय का? ओव्हर."

मुंजाजीचा हात काट्यावरच राहिला. विमानाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं अशी बोलतात, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

आवाज पुन्हा आला. तरुण माणसाचा, शांत, शब्द मोजून टाकणारा. पीटर-जॉर्ज, औरंगाबादहून हैदराबादकडे. वादळ टाळायला दोनदा वळसा घेतला, जागा नक्की सांगता येत नाही. गोदावरीच्या दक्षिणेला आहोत असा अंदाज. "दिशा हवी आहे. दहा सेकंद बटण दाबून धरतो." मग दहा सेकंद नुसती घूं. मुंजाजी ते दहा सेकंद मनात मोजत होता. जमिनीवरच्या स्टेशनानं या आवाजावरून विमान कुठल्या अंगाला आहे ते मोजायचं आणि सांगायचं. घूं थांबली. कुणीच काही बोललं नाही.

"उत्तर नाही," आवाज म्हणाला. "साडेतीनपर्यंत इथंच घिरट्या घालतो. त्यानंतर उत्तरेला जाऊन, खाली उतरून नदीचं पात्र शोधतो. ओव्हर."

आणि त्याच वेळी पत्र्यांवरून, ढगांच्या वरून, दोन इंजिनांची घरघर गेली.

मुंजाजी उठून उभा राहिला. विमान सेलूवर होतं. गोदावरी इथून दक्षिणेला, दहा-बारा कोस. उत्तरेला पात्र नव्हतं. उत्तरेला जिंतूरचे डोंगर होते, आणि आज ते मुळापासून ढगात होते.

"काय झालं?" बायनाबाई मधल्या दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"इमान हाय वर. वाट चुकलंय. नदी हुडकायला डोंगरात जाईल ते."

"मंग?"

त्यानं कणगीकडे पाहिलं. ती समजली. तिनं पुढं होऊन दुकानाची एक फळी ओढून घेतली.

"न्हाई," ती म्हणाली. "अवं, न्हाई. तुमाला कोणी बलावलं? त्यांचं ठेसन हाय, त्यांची मानसं हायेत. ती सांगतील."

"कोणीच बोलंना."

"तुमाला ऐकू येईना आसंल. ह्या डब्यात सगळंच ऐकू येतंय का?"

हे खरंही असू शकत होतं. रेडिओत विमान ऐकू येतं आणि दूरचं स्टेशन येत नाही, असं होतं. मुंजाजीनं ते धरून ठेवलं. स्टेशन बोलत असेल. आपण मधे बोललो तर उलट घोटाळाच व्हायचा. स्टेशन मास्तरकडे जाऊन तार करावी का? तार कुणाला करायची, आणि ती पोचेपर्यंत तासभर. तो खाली बसला, पुन्हा उभा राहिला. बायनाबाई सांगत होती ते चंद्रभानच्या बायकोबद्दल, कासाबाईबद्दल. दर जुम्म्याला ती भाकरीचं फडकं घेऊन तुरुंगाच्या दाराशी कशी उभी राहायची आणि फडकं तसंच परत कसं आणायची. मुंजाजी ऐकत होता आणि रेडिओही ऐकत होता. आवाजानं तीन पंधराला हाक मारली. तीन अठराला मारली. प्रत्येक वेळी आपली खूण, जागेचा अंदाज, उंची, आणि मग कुणीतरी बोलावं म्हणून सोडलेली तेवढीच शांतता. तिसऱ्या वेळी आवाजात किंचित घाई आली होती.

"माझ्याबरोबर दोन माणसं आहेत," तो म्हणाला. हे नियमात बसणारं वाक्य नव्हतं.

तीन बावीसला विमान पुन्हा घरावरून गेलं, पहिल्यापेक्षा खालून. दुकानातल्या बरणीतले खिळे वाजले. बायनाबाईनं वर पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"किती मानसं हायेत म्हनला?"

"तीन."

ती आत गेली. मुंजाजीला वाटलं, रडायला गेली. मग जवारी सांडल्याचा आवाज आला. ती कणगीचं खालचं तोंड उघडून दोन्ही हातांनी धान्य उपसत होती.

"उभं काय ऱ्हायलाव?" ती ओरडली. "या की!"

दोघांनी मिळून गोणपाट ओढून काढलं. बॅटरी दुकानातलीच लावली. तीन वर्षं दबलेल्या तारा कडक झाल्या होत्या. एक जोड तुटला, तो त्यानं दातांनी सोलून पुन्हा पिळला. एरियलची तार बायनाबाईनं धुणं वाळत घालायच्या बांबूवरून घरामागच्या लिंबावर फेकली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा अडकली. सेट तापायला वेळ लागतो. मुंजाजी हेडफोन लावून बसला होता आणि काचेमागचा काटा हलायची वाट पाहत होता.

साडेतीनला आवाज म्हणाला, "उत्तरेला निघतोय. खाली उतरतोय."

तीन पस्तीसला मुंजाजीचा सेट त्याच लहरीवर लागला. त्यानं बटण दाबलं. सहा वर्षांत तो कुठल्या विमानाशी बोलला नव्हता.

"पीटर-जॉर्ज, पीटर-जॉर्ज. तुम्ही गोदावरीच्या उत्तरेला आहात. सेलूवरून गेलात. पुढं डोंगर आहेत. खाली उतरू नका. दक्षिणेला वळा. ओव्हर."

खरखर. मग, "कोण बोलतंय? तुमची खूण सांगा. ओव्हर."

खूण. त्याच्याकडे खूण नव्हती. खूण सरकार देतं, आणि सरकारला हा सेट ठाऊक नव्हता. त्याच्या तोंडात आसामातल्या धावपट्टीची जुनी खूण आली, पण ती सांगून उपयोग नव्हता. ती धावपट्टी केव्हाच बंद झाली होती.

"खूण नाही. सेलू गावातून बोलतोय. लढाईत बिनतारी ऑपरेटर होतो. तुमचं विमान माझ्या घरावरून दोनदा गेलं. ओव्हर."

या वेळी शांतता लांबली. तिकडे विमानातली माणसं एकमेकांशी बोलत असणार. मुंजाजीला त्यांचं चूक वाटलं नाही. तोही तसाच वागला असता. आकाशात असताना बिनखुणेच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, हे तोही शिकला होता.

दुसराच आवाज आला, जाड आणि थोराड. "सेलू, मी कॅप्टन बोलतोय. आमच्या हिशोबात तुम्ही सांगता ते बसत नाही. मी आता इंजिनाचा आवाज तीनदा कमी-जास्त करतो. ऐकू आला तर कुठल्या दिशेनं आला ते सांगा. ओव्हर."

"बायने!" मुंजाजी ओरडला. "भाईर जा. आवाज कुन्या अंगाला येतोय बघ. चढ-उतार व्हतोय का बघ!"

बायनाबाई अंगणात जाऊन उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकून कान मोकळे केले. शेजारचं पोर रडत होतं. तिनं त्याच्या आईला हातानंच गप्प करायला सांगितलं. रस्त्यावरून एक छकडा चालला होता, त्याच्या बैलांची वेसण तिनं स्वतः जाऊन धरली. गाडीवान काहीतरी बोलायला लागला आणि तिचं तोंड पाहून थांबला.

"आला!" ती आत धावली. "लय लांबून आला. मोठा झाला, बारीक झाला, पुन्ना मोठा झाला. वालूरच्या अंगाला. जिंतूरकडं!"

"पीटर-जॉर्ज, ऐकू आला. तीनदा. उत्तरेकडून आला. तुम्ही माझ्या उत्तरेला आहात. आत्ता वळा. वर चढा. ओव्हर."

"समजलं, सेलू," जाड आवाज म्हणाला. "विश्वास ठेवतो. दक्षिणेला वळतोय, वर च—"

मुंजाजी वाट पाहत राहिला. खरखर तशीच होती. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. तीन त्रेचाळीसपासून चार वाजेपर्यंत तो दर मिनिटाला हाक मारत होता. बायनाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्या पायांभोवती जवारी पसरलेली होती.

चार वाजता त्यानं हेडफोन काढले, सेट गोणपाटात गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि ठाण्यात गेला.

ठाण्यावर दिनकरराव नावाचे अमीन, म्हणजे फौजदार होते, नव्या राजवटीत आलेले. मुंजाजीनं सेट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की जिंतूरच्या डोंगरात विमान पडलं असावं, वालूरच्या सरळ रेषेत पुढं. माणसं पाठवा, मग माझं काय करायचं ते करा. दिनकररावांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हाक केव्हा ऐकलीत?"

"साडेतीनला," मुंजाजी म्हणाला.

हे वाक्य त्यानं ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. दिनकररावांनी ते जबाबात लिहिलं, मुंजाजीनं खाली सही केली आणि मग ते तसंच कागदावर राहिलं.

अमीन भला माणूस निघाला. त्यानं फौरन जिंतूरला तार केली आणि एका व्यापाऱ्याचा ट्रक घेऊन शिपाई रवाना केले. पण विमान सापडलं ते शिपायांना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग थोडे वर गेले, तेव्हा धोंडीबाची मेंढरं एका खोऱ्याच्या तोंडाशी अडून बसली, पुढं जाईनात. तो पाहायला वर चढला. डोंगराच्या माथ्यापासून दोन पुरुष खाली विमान आदळलं होतं. कॅप्टन मुतण्णा जागेवरच गेले होते. पाठीमागे बसलेला डॉक्टर, हैदराबादला कॉलऱ्याची लस घेऊन निघालेला, तोही गेला होता. लशीच्या बाटल्या गवतात पसरल्या होत्या. रेडिओ ऑफिसर एका पंखाखाली पाय चिरडून पडला होता आणि जिवंत होता. धनगरांनी त्याला घोंगडीत घालून सात कोस खाली दवाखान्यात नेलं.

चौकशी झाली. मुंबईहून आलेले दोन अधिकारी परभणीच्या डाकबंगल्यात उतरले. मुंजाजीला बोलावलं, खुर्ची दिली. जबाब वाचून दाखवला आणि बरोबर आहे का विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे. त्यांनी सांगितलं की सेटबद्दल खटला होणार नाही. तुमच्यामुळे एक माणूस वाचला, विमान सापडलं. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. सेलूच्या मोंढ्यात त्याला शेला आणि नारळ दिला. अडत्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंजाजी मान खाली घालून उभा होता. लोक म्हणाले, किती साधा माणूस.

घरी आल्यावर त्यानं शेला घडी करून पेटीत ठेवला. बायनाबाई म्हणाली, "आंगावर तरी घ्यायचा."

"मला जड व्हतोय," तो म्हणाला.

त्या दुपारपासून दोघांच्या बोलण्यात काही वाक्यं यायची बंद झाली होती.

फाल्गुनात एक माणूस सकाळच्या गाडीनं सेलूला उतरला. काखेत कुबडी, अंगात कोट, तीस-बत्तिशीचा. स्टेशनापासून विचारत विचारत तो दुकानापाशी आला. "मुंजाजीराव आपणच का?" त्यानं विचारलं, आणि तो आवाज ऐकताच मुंजाजीच्या हातातला पाना खाली पडला. तोच आवाज होता.

"मी बन्सीधर. पीटर-जॉर्जचा रेडिओ ऑफिसर." तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले. "तुमचे पाय धरायला आलोय. पण आता वाकता येत नाही."

बायनाबाईनं पाट मांडला, मग त्याला पाटावर बसता येणार नाही हे ध्यानात येऊन शेजारच्या घरून खुर्ची आणली. त्यानं औरंगाबादहून पेढ्यांचा पुडा आणला होता, बायनाबाईसाठी खण आणला होता. बोलत राहिला. वादळात विमानाची बाहेरची लांब एरियल तुटून गेली होती. आतल्या लहान तारेवर तो बोलत होता. "ती तार दहा कोसांपलीकडे पोचत नव्हती. आमचं स्टेशन ऐकूच शकत नव्हतं, हे मला दवाखान्यात पडल्यावर कळलं. त्या सगळ्या मुलखात आमची हाक ऐकणारे एकटे तुम्ही होता."

मुंजाजीनं खाली पडलेला पाना उचलून हातात धरला.

"कॅप्टनच्या आईला मी पत्रात तेच लिहिलं. लिहिलं की एका माणसानं आमची हाक कानावर येताच, तुरुंगाची पर्वा न करता उत्तर दिलं. आमचंच नशीब की त्याच्या कानावर ती उशिरा आली. डॉक्टरांच्या घरीही जाऊन तेच सांगितलं." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझी वही अर्धी जळाली. एवढं पान राहिलं. पहिली हाक तीन आठला. मग दहा, पंधरा, अठरा, चोवीस, तीस. मी विचार करत होतो की यातली कुठली तुम्हाला पहिली लागली असेल. जबाबात साडेतीन आहे. म्हणजे शेवटचीच, नाही का?"

दारात बायनाबाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"दहाची," मुंजाजी म्हणाला.

"काय?"

"तीन दहाची ऐकली. पंधराची ऐकली. अठराची ऐकली. तुम्ही म्हणालात, माझ्याबरोबर दोन माणसं आहेत, ते पण ऐकलं."

बन्सीधर कागदाकडे पाहत राहिला.

"सेट कणगीत पुरला होता," मुंजाजी म्हणाला. "काढून जोडायला तेरा मिनिटं लागली. दहालाच काढला असता तर तेवीसला बोललो असतो. तुम्ही साडेतीनला उत्तरेला निघालात."

"मग दहा ते बावीस काय करत होता?"

"बसलो होतो."

"बसला होता?"

"भ्यालो होतो. माझा एक सोबती तुरुंगात खंगून गेला होता. मला वाटलं, दुसरं कुणी बोलेल."

बायनाबाईनं कप खाली ठेवले. "त्यांनला मी आडवलं," ती म्हणाली. "मी फळी लावली दुकानाची. तुमाला काय म्हनायचं ते मला म्हना."

"तू आडवलं नसतंस तरी मी बसलो असतो," मुंजाजी तिच्याकडे न बघता म्हणाला.

बाहेर कुणीतरी बॅटरी घेऊन आला, आतलं पाहून बॅटरी पायरीवर ठेवून निघून गेला. चहावर साय आली.

"हे मला का सांगितलंत?" शेवटी बन्सीधर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी मागितलं नव्हतं. मला रात्री झोप लागत होती. कॅप्टनच्या आईनं तुमचं नाव विचारून घेतलंय. ती रोज देवापुढं तुमचं नाव घेते. तिला आता मी काय लिहू?"

"जे ऐकलंत ते लिहा."

"ते लिहिणं तुम्हाला सोपं वाटतं?"

बन्सीधरनं कुबडी काखेत घेतली. बायनाबाई त्याला हात द्यायला पुढं झाली, त्यानं तिला हात धरू दिला. दारात तो थांबला. त्यानं मुंजाजीकडे पाहिलं, मग पायरीवरची बॅटरी ओलांडून खाली उतरला. परतीच्या गाडीला चार तास होते. तो ते सगळे फलाटावरच्या बाकड्यावर बसून होता, हे नंतर कुणीतरी येऊन सांगितलं. बायनाबाईनं भाकरी-पिठलं बांधून दिलं होतं. ते त्यानं घेतलं की नाही, हे तिनं त्या माणसाला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं चौकशीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं आणि रेडिओवाल्या त्या वकिलाकडून इंग्रजी करून घेतलं. वकील वाचता वाचता थांबला. "हे कशाला, मुंजाजी? मिटलंय ते."

"तुमी लिवा, साहेब."

जबाबातली वेळ खोटी आहे. हाक तीन दहाला ऐकली. जे कलम लागत असेल ते लावावं. एवढंच लिहिलं होतं. पत्र रजिस्टर केलं.

उत्तर आलं ते ज्येष्ठात. मधले तीन महिने त्यानं दुकान चालवलं, पण रेडिओ दुरुस्तीला घेणं बंद केलं. कुणी आणला तर परभणीचा पत्ता द्यायचा. दारावर वर्दीतला माणूस दिसला की बायनाबाई हातातलं काम टाकून पुढं यायची. पोस्टमन लिफाफा देऊन गेला तेव्हा मुंजाजी तो वकिलाकडे घेऊन गेला. दोन ओळी होत्या. आपलं पत्र मिळालं. चौकशी पूर्ण होऊन अहवाल सादर झाला आहे, त्यामुळे प्रकरण पुन्हा उघडण्याचं कारण दिसत नाही.

"सुटलास," वकील म्हणाला.

घरी बायनाबाईनं विचारलं, "काय आलंय?"

"काय बी करनार न्हाईत."

ती चुलीपुढं बसली होती. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि जवारी उपसली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती रडली. मुंजाजी तिच्याजवळ बसला. त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, कारण भाकरी करपत होती.

त्याच आठवड्यात तो जिंतूरला गेला आणि तिथून पायी धोंडीबाच्या मेंढवाड्यावर. इतके महिने धोंडीबा बोलावत होता आणि हा काही तरी कारण काढत होता.

"मला ती जागा दाव," तो म्हणाला.

"काय ऱ्हायलंय तिथं बघायसारखं?" धोंडीबा म्हणाला. पण काठी घेऊन उठला.

डोंगर उन्हानं भाजून निघाला होता. विमानाचे पत्रे लोकांनी केव्हाच उचलून नेले होते. खालच्या तांड्यात एका छपरावर मुंजाजीनं त्यातला एक ओळखला, त्यावर अर्धं अक्षर होतं. वर खडकावर एक लांब पांढरा ओरखडा होता आणि खाली जळालेल्या झुडपांची खुंटं. धोंडीबानं काठीनं दाखवलं. हितं तो मोठा साहेब. हितं डाक्तर, ह्या कुशीवर. त्याच्या हातात बाटली होती, ती फुटली नव्हती.

मुंजाजी त्या ओरखड्यापाशी उभा राहिला आणि वर पाहिलं. माथा डोक्यापासून दोन पुरुष उंच होता. अर्धं मिनिट आधी सांगितलं असतं तरी विमान वरून गेलं असतं. त्यानं खडकाला हात लावला. तो इतका तापला होता की हात ठेवता येईना, तरी त्यानं ठेवला.

धोंडीबा खाली मेंढरांकडे बघत होता. "मुंजा," तो म्हणाला, "तू त्या दिशी काय करत व्हतास, ते मला कोणी सांगितलं न्हाई. आन मला इचारायचं बी न्हाई. पर असं उनात उभं ऱ्हाऊ नको."

"तू जा. मी येतो."

"किती येळ?"

"येतो."

धोंडीबा थोडा वेळ थांबला. मग मेंढरं पाण्याकडे निघाली होती, त्यांना सोडून चालणार नव्हतं. तो आवाज देत उतरायला लागला. अर्ध्यावर त्यानं वळून पाहिलं. मुंजाजी तिथंच होता, खडकाच्या उन्हाच्या अंगाला, पाठ फिरवून.